बैलाला सोमवार, बाईला कोणता वार?



मी बचत गटांची समन्वयक. रविवारी बायका घरी सापडतात, म्हणून गटांच्या बैठका मी रविवारीच लावायची. सकाळी चर्चमध्ये उपासनेला जायची, पण प्रार्थना चालू असतानाही डोक्यात हप्त्यांचा हिशेब. अशाच एका बैठकीत आमच्या एक वयस्कर सभासद म्हणाल्या, "ताई, आमच्या बैलाला सोमवार हाय. मला कोणता वार?" सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

आपल्याकडे बऱ्याच गावांत सोमवारी बैल जुंपत नाहीत. आमच्या बायबलमध्ये असा नेम माणसांसाठीही आहे. आज त्याचीच माहिती सांगते.

दहा आज्ञांपैकी एक आज्ञा विसाव्याच्या दिवसाची आहे. सहा दिवस काम करायचं, सातव्या दिवशी थांबायचं. त्या दिवसाला शब्बाथ म्हणतात. ही आज्ञा फक्त घरधन्यासाठी नाही. मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, गुरंढोरं, दारी आलेला परका, सगळ्यांचा उल्लेख तिच्यात आहे. यहुदी लोक हा दिवस शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत पाळतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना 'शनवार तेली' असं नाव पडलं. येशू ख्रिस्त मरणातून उठला तो रविवार, म्हणून आम्ही ख्रिस्ती लोक रविवार पाळतो.

या आज्ञेचं एक कारण फार मोलाचं आहे. हे लोक आधी मिसर देशात गुलाम होते. गुलामाला सुट्टी नसते. म्हणजे विसावा हा आळस नाही, तर आपण कुणाचे गुलाम नाही याची खूण आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाई थांबली तर चूल कोण पेटवणार? त्याचंही उत्तर तिथेच आहे. रानात असताना त्या लोकांना रोज सकाळी मान्ना नावाचं अन्न मिळायचं. जास्तीचं साठवलं तर दुसऱ्या दिवशी त्यात किडे पडायचे. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचं, आणि ते मात्र सातव्या दिवशी चांगलं राहायचं. विसावा आपोआप मिळत नाही, आदल्या दिवशी त्याची तयारी करावी लागते.

मग गाईम्हशींचं काय? लूकच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. एक बाई 18 वर्षं कंबरेत वाकलेली होती. तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. येशूने तिला शब्बाथ दिवशीच बरं केलं. सभास्थानाचा अधिकारी चिडला. तेव्हा येशूने विचारलं, की या दिवशी तुम्ही बैल सोडून पाण्यावर नेता ना, मग या बाईला का सोडवू नये? खुरपणी करून, हंडे वाहून वाकलेल्या आपण बायका. ही गोष्ट मला आपलीच वाटते. जनावराला पाणी दाखवायचंच, पण बाईची पाठही सरळ झाली पाहिजे.

आता आमच्या घरी शनिवारी संध्याकाळीच दळण, धुणं उरकतो. चटणी, शेंगदाण्याचा कूट करून ठेवतो. रविवारी धार काढणं, वैरण-पाणी हे पती बघतात, भांडी मुलं घासतात. पहिले काही रविवार मलाच रिकामं बसवेना, हात आपोआप केरसुणीकडे जायचा. आता प्रार्थनेत मन लागतं. आणि गटांच्या बैठका मी गुरुवारी संध्याकाळी घेते.

रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला अख्खा दिवस सोडणं परवडत नाही, हे मला कळतं. तिने एका तासापासून सुरुवात करावी. तुमचा धर्म कोणताही असो, वार तुम्ही ठरवा. मात्र तो घरात सगळ्यांना सांगून ठरवा, कारण एकटीने ठरवलेला विसावा टिकत नाही.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की एकमेकींना एवढंच विचारा: बाई, तुझा वार कोणता?