उठलास तर विकेट जाईल!

2 एप्रिल 2011. वानखेडेवर विश्वचषकाची अंतिम लढत. जिंकायला 275 धावा हव्यात आणि सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर गेला. पाठोपाठ सचिन, 18 वर! मग मुलुंड-बोरिवलीच्या दिवाणखान्यांतून फर्मान सुटलं, ‘जो जिथे बसलाय त्याने तिथून हलायचं नाही!’ गंभीर-धोनी जमले, तेव्हा तर पाणी प्यायला उठायचीही चोरी. मुलुंडच्या सोफ्यावर मांडी घालून बसलेल्या काकांच्या जोरावर तिकडे वानखेडेवर धोनीची बॅट चालते, हे शिकलीसवरलेली माणसं मानत होती. निदान तसं वागत तरी होती!

हे येतं कुठून? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1948 मध्ये एक भन्नाट प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेली कबुतरं पिंजऱ्यात ठेवली. कबुतर काहीही करो, ठरावीक वेळाने दाणे आपोआप समोर यायचे. तरी आठांपैकी सहा कबुतरांना चाळे लागले. एक स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. दाणे आले त्या क्षणी जे चाललं होतं, तेच अंगवळणी पडलं, असं स्किनर म्हणाले. पुढच्या संशोधकांनी त्यावर शंका घेतली. दाण्याची वाट बघताना कबुतरं एरवीही अशी चुळबुळ करतात, असं त्यांचं म्हणणं. पण माणसाचं काय? ‘हे झालं, मग ते झालं, म्हणजे ह्यामुळेच ते झालं’ हा हिशेब आपण रोज मांडतो की नाही?

आता खरं नवल पुढेच आहे. असा चुकीचा हिशेब करणारा मेंदू टिकला कसा?

त्यासाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे वळू. तिथे आजही बिबटे आहेत, भर शहराला खेटून! कातरवेळी झुडपात खसखस झाली. वारा असेल, बिबट्याही असेल. वाऱ्याला बिबट्या समजून पळालात, तर थोडा दम लागेल. बिबट्याला वारा समजलात, तर संपलंच! आपले पूर्वज पहिली, स्वस्तातली चूक पुन्हापुन्हा करत राहिले, म्हणून वाचले. नसलेला संबंध दिसणं ही त्या सावधपणाचीच किंमत आहे, असं अनेक अभ्यासक मानतात.

मग हा मेंदू सगळीकडे सारखाच घाबरतो का? मुळीच नाही! मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी ट्रोब्रियांड बेटांवर पाहिलं, की शांत खाजणात मासे धरताना कोळी मंत्रतंत्र करत नसत. खुल्या, बेभरवशाच्या समुद्रात निघाले, की मात्र सगळे विधी सुरू! जिथे नशिबाचा वाटा मोठा, तिथे तोडगे जास्त.

अंधेरी-घाटकोपरला शनिवारी सकाळी हेच दिसतं. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा आपल्या कॉम्प्युटरवर लिंबू-मिरची टांगत नाही. रोजच्या गल्ल्याची शाश्वती नसलेला दुकानदार आणि भाड्याची वाट बघणारा रिक्षावाला टांगतो. आणि उतरवून टाकलेलं लिंबू रस्त्यात दिसलं, की ‘आमचा नाही हो विश्वास’ म्हणणारेही पाऊल वाकडं टाकून पुढे जातात. का? ‘उगाच कशाला?’ याच दोन शब्दांवर अंधश्रद्धा जगते! लिंबू ओलांडलंच नाही, तर काही होत नाही हे कळणार कधी? काकांनी सोफा सोडला आणि तरी चौकार बसला, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. उठले आणि विकेट गेली, ते मात्र जन्मभर ऐकावं लागतं.

दोन पावलांचा वळसा फुकट आहे. पितृपक्ष म्हणून घराचा व्यवहार पंधरा दिवस पुढे ढकलला, तर थोडी खोटी होते. पण साप चावलेल्या माणसाला मांत्रिकाकडे नेलं, तर किंमत जिवाची! इथे स्वस्तातली चूक एकदम सर्वांत महाग होते. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे हेच सांगत होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राचे उपचार करणं या कायद्याने गुन्हा आहे.

तेव्हा मॅच बघताना खुशाल एका जागी बसा, कोणाचं काही बिघडत नाही. घरात कोणी आजारी पडलं, तर मात्र लगेच उठा आणि दवाखाना गाठा.