पडलेल्या झाडांची पाच वर्षं

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि काही तासांत रायगड जिल्ह्यातल्या बागायतदारांची एका पिढीची मेहनत आडवी करून गेलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या पट्ट्यात नारळ-सुपारीच्या वाड्या झोपल्या, जुने आंबे-फणस मुळासकट उपटले, किनाऱ्यावरचे सुरू कोलमडले. टाळेबंदीचे दिवस होते, माणसं मिळत नव्हती, त्यातच पाऊस तोंडावर आलेला. वाट मोकळी करायला जे हाताला लागलं ते तोडलं गेलं आणि मिळेल त्या भावाने जळणाला गेलं. लेथवर लाकूड कातायचा छंद असलेल्या आम्हा काही जणांनी श्रीवर्धनकडच्या नात्यातल्या वाड्यांतून थोडे ओंडके मागून घेतले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला खरवडत गेलं, तेव्हा दक्षिण कोकणातून आणखी काही मिळाले. त्या लाकडाला आता पाच वर्षं होऊन गेली. त्यातलं काय टिकलं, काय वाया गेलं आणि का, हे मांडण्याइतका काळ मधे गेला आहे.

तोवर आमच्यासारख्या हौशी माणसाची निवड म्हणजे वखारीतला साग. त्याला कारणही तसंच आहे. साग वाळताना फारसा आकसत नाही, एकदा वाळला की वेडावाकडा होत नाही, त्याला वाळवी सहसा लागत नाही. पण वखारीतला साग चिरून, वाळून, मापात येतो. त्यात झाड कसं होतं हे कळायला जागाच उरत नाही. वादळाने उलटं केलं. समोर अख्खं खोड, त्याची साल, फांद्यांचे खांदे, मुळाकडचा फुगवटा, आणि कुठे कापायचं हे आपणच ठरवायचं.

सगळ्यात जास्त पडले होते ते नारळ-सुपारी, आणि कातकामाला सगळ्यात फसवे तेच. माड हे गवताच्या कुळाजवळचं झाड. त्याला वर्षांची वलयं नाहीत, पक्का गाभाही नाही. खोडाचा बाहेरचा भाग लोखंडासारखा कडक आणि मधला भाग भुसभुशीत. तळाकडच्या खोडाचा कडेचा भाग तेवढा कामाचा. तो कातला की तपकिरी-काळ्या धाग्यांचे ठिपके फार देखणे दिसतात, पण ते धागे हत्याराची धार पाहता पाहता खातात. सुरूचं लाकूड जड, घट्ट, जळणाला उत्तम. कातकामासाठी मात्र वाळतानाच त्याचा हिशेब चुकता होतो. शेंड्यापासून बुडख्यापर्यंत उभे तडे जातात. सुरूच्या ढिगातून हाती लागल्या त्या बारक्या मुठी आणि भोवरे.

आंब्याची गोष्ट वेगळी. आंब्याच्या लाकडात साखर-स्टार्च भरपूर, म्हणून दमट हवेत बुरशी आणि भुंगेरे त्याच्यावर लगेच तुटून पडतात. जूनमध्ये पडलेला आंबा सालीसकट उघड्यावर राहिला की गणपतीपर्यंत आतून निळसर-काळा होतो आणि दिवाळीला त्यातून पिठासारखा बारीक भुसा गळायला लागतो. साल काढून, चिरून, ओलं असतानाच बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेल्या फळ्या मात्र आजही शाबूत आहेत. ओल्या लाकडातच हे द्रावण आतवर झिरपतं, त्यामुळे लाकूड वाळल्यावर वरून फासण्यात फारसा अर्थ नसतो. बुरशीने ओढलेल्या काळ्या रेषांना हल्ली हौशी लोकांत मोठी मागणी आहे. अशा वाडग्यांना लोक आवर्जून हात लावतात. पण ते लाकूड कातताना नाका-तोंडावर चांगला मास्क हवाच. आंबा हा बिब्ब्याच्या कुळातला, त्याचा चीक आणि भुसा काहींच्या कातडीला खाज आणतो.

फणस आणि शिवण या दोन झाडांनी पाच वर्षांत सगळ्यात चांगली साथ दिली. फणसाचा गाभा ताजा कापला की हळदीसारखा पिवळा असतो आणि उजेडात ठेवला की महिन्यांमागून महिने मुरत बदामी-तपकिरी होत जातो. भुंगेरे खातात ते बाहेरचं पांढरं लाकूड, गाभ्याच्या वाटेला ते सहसा जात नाहीत. शिवण फिकट, हलकी आणि स्वभावाने शांत. वाळताना ती फारशी आकसत नाही, तडकत नाही. ज्यांना छंदाची सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी मी सागाच्याही आधी शिवणीचं नाव घेईन.

वाळवणीचं गणित एकदा नीट समजून घेतलं की पुढचे बरेच डोंगर सपाट होतात. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी गेलं तरी लाकूड आकसत नाही. ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरला की भिंती सुकायला लागतात आणि खरी ओढाताण सुरू होते. लांबीत लाकूड जवळजवळ आकसतच नाही. वलयांच्या दिशेने मात्र ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं. अख्ख्या ओंडक्यात ही ओढ मोकळी व्हायला वाट नसते, म्हणून गाभ्यापासून सालीकडे तडा जातो. त्यामुळे ओंडका मधोमध, गाभ्याच्या केंद्रातून चिरायचा, केंद्राची तेवढी पट्टी काढून टाकायची आणि दोन्ही टोकांना त्याच दिवशी मेण किंवा फेव्हिकॉलचा जाड थर द्यायचा. पाणी टोकांतून कित्येक पट वेगाने उडतं.

महाराष्ट्रात या गणिताला ऋतूंची जोड द्यावी लागते. पावसाळ्यात कोकणातल्या पडवीत ठेवलेलं लाकूड सोळा-अठरा टक्के ओलाव्याच्या खाली जातच नाही. पुण्यात एप्रिल-मेमध्ये तेच सहा-आठ टक्क्यांवर येतं. म्हणून पावसाळ्यात पडलेल्या झाडाला बुरशीचा धोका जास्त आणि तड्यांचा कमी. तडे पडतात ते ऑक्टोबरच्या उन्हात. गणपतीत नितळ दिसणारा ओंडका दसऱ्याला उकललेला आढळला तर दोष झाडाचा नसतो. कोकणात वाळवलेली जाड फळी घाटावर आणून लगेच डबा कातला, तर झाकण पुढच्या उन्हाळ्यात बसत नाही.

वर्षानुवर्षं वाट पाहण्यावरचा उतारा म्हणजे ओलं कातणं. फणसाचा ताजा तुकडा लेथवर फिरायला लागला की गाऊजच्या (खोलगट पटाशीच्या) टोकावरून लांबलचक, ओलसर ढलप्या सुटतात, हाता-चष्म्यावर पिवळे शिंतोडे उडतात, भुसा जवळपास उडत नाही. वाडगा पंचवीस सेंटिमीटर रुंद असेल तर कड अडीच सेंटिमीटर जाड ठेवायची, म्हणजे रुंदीचा दहावा भाग. मग बुडाला पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहून तो त्याच्याच ढलप्यांत, वर्तमानपत्राच्या पुडक्यात ठेवायचा. दर पंधरवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं. आकडा उतरायचा थांबला की वाडगा वाळला. तोवर तो अंडाकृती झालेला असतो. पुन्हा लेथवर चढवून गोल करायला ती जास्तीची जाडी कामी येते.

यातलं फारच थोडं नवं आहे. सावंतवाडीच्या चितार आळीत मिळणारी लाकडी फळं आणि खेळणी पूर्वी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची होत. आंबाही वापरला गेला. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर काळ्या कुड्याचं पांढरं, बारीक पोताचं लाकूड काही महिने वाळवून कातायला घेतात, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून रंग चढवतात आणि केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. मोठ्या, भारी लाकडाच्या मागे न लागता परिसरात मुबलक असलेलं झाड घ्यायचं आणि त्याच्या कलाने वस्तू ठरवायची, ही त्यांची रीत. आपल्याकडे लाटणी, रव्या, कुंकवाचे करंडे कातणाऱ्या कातारींनीही हेच केलं.

पाच वर्षांचा निकाल सांगायचा तर लेथवरचं कसब हा या छंदाचा लहान भाग आहे. योग्य झाड, योग्य जागी चीर आणि धीर यांनी बाकीचं ठरतं. एक सावधगिरी तेवढी हवी. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, खैर, चंदनाबरोबर आंबा आणि फणसही आहेत. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. पडलेलं झाड तोडण्या-नेण्याआधी ग्रामपंचायत, वनखातं किंवा महापालिकेत विचारून घ्यावं. आणि पुढच्या पावसाळ्यात तुमच्या सोसायटीत किंवा वाडीत झाड पडलं, तर ट्रक बोलावण्याआधी जवळच्या एखाद्या कातारीला किंवा हौशी माणसाला फोन करा, आणि तो येईपर्यंत ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण लावून ठेवा.