ब्रेटो इंडेक्स पाठ, कूलर तुडुंब

तोंडी परीक्षेत ‘ब्रेटो इंडेक्स’ विचारला की नर्सिंगच्या मुली एका दमात सांगतात: शंभर घरांमागे डासांच्या अळ्या सापडलेल्या भांड्यांची संख्या. अशाच काही मुलींबरोबर एकदा त्यांच्याच वसतिगृहात टॉर्च घेऊन फिरले. जिन्याखाली उन्हाळ्यानंतर तसाच पडलेला कूलर होता. टाकीत चार बोटं पाणी, आणि शेपटीकडची श्वासनळी वर टेकवून उलट्या लोंबकळणाऱ्या अळ्या. उजेड पडताच साऱ्या वळवळत तळाशी गेल्या. “अ‍ॅनॉफिलीस नाही मॅडम, त्या आडव्या तरंगतात,” एकीनं तिथंच निदान केलं. अचूक!

दुसरीनं लगेच कूलर उपडा केला. पाणी गेलं, अळ्या गेल्या, पण अंडी? या अळ्या डेंगीच्या एडिस डासाच्या, आणि त्याची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. काळी, खसखशीहून बारीक. कोरड्या टाकीत ती कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी चढलं की फुटतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत डास उडतो. कोरडा दिवस आठवड्यातून एकदा पाळायचा तो याच हिशेबानं, आणि त्या दिवशी पाणी ओतून टाकण्याइतकंच महत्त्व ब्रशनं भिंती घासण्याला आहे. पाठ्यपुस्तकात ही ओळ असते. ब्रश कुणी आणायचा हे नसतं.

हा डास फार लांब उडत नाही, बहुधा शे-दोनशे मीटरच. म्हणजे वसतिगृहात चावणारा बराचसा वसतिगृहातच जन्मलेला. डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका तिन्ही तोच पसरवतो. चिकुनगुन्यानं १९७३ मध्ये बार्शी गाजवली होती, झिका २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला सापडला.

“मच्छरदाणी लावता का?” मी विचारलं.

“रात्री लावतो ना.”

पण एडिस चावतो दिवसा, त्यातही सकाळी आणि सूर्य कलताना. नाइट ड्यूटी करून आलेली मुलगी सकाळी नऊला आडवी होते, तेव्हा मच्छरदाणी गुंडाळलेली असते आणि डास दारामागं टांगलेल्या कपड्यांच्या अंधारात बसलेला.

फ्रिजमागचा ट्रे निघाला, गच्चीवरची फुटकी बादली निघाली. शेवटी रेक्टरबाईंच्या टेबलावरची मनी प्लँटची बाटली. तिच्यातही वळवळ होती. तिला हात कुणी लावायचा, यावर बराच वेळ कुजबुज चालली.