आयकर रद्द झाला तर त्याची भरपाई कोण करणार?

अर्थसंकल्प जवळ आला की आपल्या व्हॉट्सॲप गटांमध्ये दोन मेसेज हमखास फिरतात. पहिला म्हणतो, आयकर बंद करा आणि जो जेवढा खर्च करेल त्याच्याकडून तेवढा कर घ्या. दुसरा म्हणतो, देशात मूठभर लोक कर भरतात आणि बाकीचे फुकट खातात. "बाकीचे" म्हणजे कोण, हे सांगावे लागत नाही. शिष्यवृत्ती, रेशन, आरक्षण ही नावे त्याच्या मागोमाग येतातच. दुसरा मेसेज वाचून आपली मुले चिडतात. पहिला मात्र आपल्यातलेच नोकरीला लागलेले तरुण आनंदाने पुढे पाठवतात. या दोन मेसेजचे नाते काय, ते समजावे म्हणून हा लेख.

आधी "फुकट खातात" याचा हिशेब करू. आम्ही सोलापुरात बिडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांमध्ये काम करतो. हजार बिड्यांच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईने आयुष्यात कधी आयकराचे विवरणपत्र भरलेले नसते. पण ती तेल, साखर, चहा घेते त्यात ५ टक्के जीएसटी असतो. अंगाच्या आणि कपड्याच्या साबणापैकी अंगाच्या साबणावर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के होता, आता ५ आहे. मुलाच्या मोबाइलचा रिचार्ज मारला की १८ टक्के. सुटे तांदूळ घेतले तर कर नाही, पण तेच नाव छापलेल्या पाकिटात २५ किलोपर्यंत घेतले तर जुलै २०२२ पासून ५ टक्के. सुट्या तांदळालाही डिझेलवरचा कर चिकटलेला असतो, कारण तो ट्रकनेच येतो आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर असले तरी त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट आहे. त्यामुळे कर न भरणारा माणूस या देशात शोधून सापडणार नाही. फरक एवढाच की आयकर भरणाऱ्याकडे पावती असते आणि या बाईचा कर किमतीत लपलेला असतो.

याला म्हणतात अप्रत्यक्ष कर, आणि तो सोलापूरला नवा नाही. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. त्याआधी व्हॅट होता, त्याआधी विक्रीकर, आणि शहराच्या वेशीवर जकात होती. जकात गेली तरी "नाका" हा शब्द आपल्या पत्त्यांमध्ये अजून आहे.

आता समजा दोन घरे आहेत. एकात महिना १२ हजार येतात आणि सगळे खर्च होतात, उलट उसनवारी होते. दुसऱ्यात महिना २ लाख येतात, ८० हजार खर्च होतात, बाकीचे फ्लॅटच्या हप्त्यात, सोन्यात, म्युच्युअल फंडात जातात. दोघांच्या खर्चात सरासरी १० टक्के कर आहे असे धरू. पहिले घर १,२०० रुपये देते, म्हणजे उत्पन्नाच्या १० टक्के. दुसरे ८ हजार देते, म्हणजे ४ टक्के. दुसऱ्याने जास्त रुपये दिले हे खरेच, पण कमाईच्या मानाने ओझे पहिल्यावर जास्त पडले. आयकर हा तोल थोडा सावरतो, कारण तो कमाई वाढली की चढत्या दराने लागतो आणि कमाई एका मर्यादेखाली असेल तर लागतच नाही.

तो काढून टाकला तर काय होईल? केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रुपया कुठून येतो याचे जे वर्तुळ छापले होते, त्यात आयकराचे २२ पैसे होते आणि जीएसटीचे १८. हे २२ पैसे जीएसटीतूनच काढायचे म्हटले तर केंद्राचा १८ पैशांचा वाटा ४० पैसे करावा लागेल. जीएसटीत अर्धा वाटा केंद्राचा, अर्धा राज्याचा. राज्याचा तसाच ठेवून फक्त केंद्राचा या प्रमाणात वाढवला, तरी ५ टक्क्यांचा दर ८ च्या आसपास जातो आणि १८ चा २९ च्या आसपास. हा ढोबळ हिशेब आहे. दर वाढले की खरेदी कमी होते आणि मग दर आणखी वाढवावे लागतात. साबण, रिचार्ज, सिमेंट, सगळ्याला हा आकडा लावून बघा.

वसुली कमी पडली तर? आपल्या मुलांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती केंद्राच्या ६० आणि राज्याच्या ४० टक्के पैशांतून येते. हप्ता उशिरा आला की कॉलेज परीक्षेचा अर्ज अडवते, हे आपल्या कार्यकर्त्यांना नव्याने सांगायला नको. तिजोरीत खड्डा पडला की पहिली कात्री कुठे लागते तेही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी मांडला होता. सार्वजनिक वित्त हा तर त्यांचा अभ्यासाचाच विषय. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ चा. मुंबई विधिमंडळात फेब्रुवारी १९२७ मध्ये अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसारा आणि आयकर शेजारी ठेवले. शेतकऱ्याचे पीक बुडाले तरी सारा द्यावाच लागतो, जमीन गुंठाभर असो की शेकडो एकर, दर तोच. आयकरात मात्र कमाई झाली नाही तर कर नाही. हा भेद अन्यायाचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याची ऐपत त्याच्यावर भार, हे तत्त्व शेतकऱ्यालाही लागू करा, ही त्यांची मागणी होती. आज आयकर काढून सगळे खर्चावर टाका म्हणणारे नेमके उलटे मागत आहेत.

या कल्पनेच्या बाजूने बोलणारे सगळेच लबाड आहेत असे आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्रात अनिल बोकील यांच्या अर्थक्रांतीने आयात शुल्क वगळता सगळे कर काढून बँकेतल्या व्यवहारावर एकच कर लावा, असा प्रस्ताव मांडला. तो उपभोग कर नव्हे, पण "आयकर नको" हा विचार मराठी घरांत पोचला तो बराचसा त्यातून. नोकरदाराचा राग खोटा नाही. त्याचा कर पगारातूनच कापला जातो आणि कच्च्या बिलावर धंदा करणारा सुटतो. शेतीचे उत्पन्न म्हणून दाखवले की शेकडो एकरवालाही सुटतो. पण कच्चे बिल खर्चावरच्या करालाही तसेच चुकवते. आणि २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर नाही. सोलापुरातला नव्याने लागलेला शिक्षक किंवा लिपिक त्या मर्यादेच्या बराच खाली आहे. तो ज्या कराच्या विरोधात मेसेज पाठवतो तो कर त्याला लागतच नाही, आणि जो मागतो तो रोज लागेल.

अमेरिकेत "फेअर टॅक्स" नावाचे विधेयक १९९९ पासून पुन्हा पुन्हा मांडले जाते. मंजूर झालेले नाही. आयकर रद्द, दुकानातल्या किमतीवर ३० टक्के कर, आणि गरिबांवर भार नको म्हणून प्रत्येक कुटुंबाला दरमहा आगाऊ परतावा, अशी त्याची रचना. कागदावर हा परतावा छान दिसतो. पण बिड्या वळून बोटांचे ठसे झिजलेल्या बाया रेशनच्या मशीनसमोर पुन्हा पुन्हा अंगठा लावतात तेव्हा आम्ही शेजारी उभे असतो. कर दुकानात लगेच कापायचा आणि परतावा खात्यात कधीतरी यायचा, यात कोण अडकणार?

भारताने श्रीमंतांच्या खर्चावर कर लावून पाहिलेला आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या शिफारशीवरून १९५७ चा व्ययकर कायदा आला. तो आयकराच्या जोडीला होता, जागी नव्हे, आणि फक्त मोठा खर्च करणाऱ्यांसाठी होता. १९६२ मध्ये तो काढला, १९६४ मध्ये परत आणला, १९६६ मध्ये कायमचा बंद केला. वारसा मालमत्तेवरचा कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने. आता आयकरही गेला तर बचतीवर, संपत्तीवर, वारशावर काहीच उरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जमीन आणि दुकान ज्यांच्याकडे आहे त्यांची मालमत्ता करावाचून पुढे सरकत राहील. आपल्याकडे बहुतेक घरांत पदवीधरांची ही पहिली किंवा दुसरी पिढी. वारशाने आले ते कर्ज. समाजशास्त्रात जातीचे आर्थिक पुनरुत्पादन म्हणतात ते हेच, आणि कररचना त्याला खतपाणी घालू शकते किंवा आवर घालू शकते.

म्हणून आयकराच्या चर्चेत आपल्या कार्यकर्त्यांनी मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: मोठ्या शेती उत्पन्नावर कर, मोठ्या वारशावर कर, आणि गरिबाच्या टोपलीतल्या वस्तूंवर शून्य दर. सप्टेंबर २०२५ मध्ये वह्या-पेन्सिलींवर शून्य झाला, म्हणजे करता येते.

कोणत्याही विहारात दहा घरांच्या महिनाभराच्या किराणा, गॅस, औषध आणि रिचार्जच्या पावत्या गोळा करा. बऱ्याच ठिकाणी पावतीच मिळणार नाही, तिथे वस्तूचे नाव आणि किंमत लिहून घ्या आणि त्यापुढे कराचा दर मांडा. दहा घरांची बेरीज काढून ती गटात टाका, त्या दुसऱ्या मेसेजच्या खाली.