विश्लेषण : बालरुग्णांच्या औषधाचा हिशेब मोबाइलवर... किती भरवशाचा?

सात किलो वजनाच्या बाळाचे हृदय बंद पडले, तर त्याला द्यायच्या ॲड्रेनलिनची मात्रा अवघी ०.०७ मिलिग्रॅम असते. दशांश चिन्ह एक घर सरकले की हीच मात्रा दहापट होते. असे हिशेब बालरोग अतिदक्षता विभागात दिवसरात्र, घाईत आणि ताणाखाली करावे लागतात. ते आता मोबाइल ॲप, संगणकप्रणाली आणि ऑनलाइन कॅल्क्युलेटरकडे सोपवले जात आहेत. ही साधने कशी काम करतात, त्यांनी चुका खरोखर कमी होतात का आणि त्यांच्यावर कुठवर विसंबावे, याविषयी...

मुलांच्या औषधाचा हिशेब वेगळा का?

प्रौढांच्या अनेक औषधांची मात्रा ठरलेली असते. पन्नास किलोची व्यक्ती असो वा ऐंशी, ५०० मिलिग्रॅमची गोळी दोघांनाही चालते. मुलांमध्ये तसे नसते. अतिदक्षता विभागात एका खाटेवर तीन किलोचे बाळ आणि शेजारच्या खाटेवर चाळीस किलोचा मुलगा असू शकतो. दोघांच्या वजनात तेरापटींहून अधिक अंतर. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक औषध ‘दर किलोला इतके’ या हिशेबाने द्यावे लागते.

त्यातच बरीच औषधे प्रौढांच्या मापाने भरलेली येतात. ॲड्रेनलिनच्या नेहमीच्या कुपीत एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम औषध असते. हृदय बंद पडलेल्या बालरुग्णासाठी मात्रा असते दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणून कुपीतील औषध आधी दहापट पातळ करायचे आणि मग सात किलोच्या बाळासाठी त्यातील ०.७ मिलिलिटर घ्यायचे. पातळ करायचे राहून गेले आणि सिरिंजमध्ये ०.७ मिलिलिटरच घेतले, तर मात्रा थेट दहापट. मोठ्या माणसाच्या बाबतीत दहा कुपी एकदम फोडायची वेळ आली, तर कोणाच्याही लक्षात येईल. बाळाच्या बाबतीत मात्र दहापट औषधही एकाच छोट्या सिरिंजमध्ये मावते आणि डोळ्यांना खटकत नाही.

अमेरिकेतील बॉस्टन येथील दोन रुग्णालयांत झालेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात नेहमी दिला जातो. इजा करू शकतील अशा औषधविषयक चुकांचे प्रमाण दाखल बालरुग्णांत प्रौढांच्या तुलनेत सुमारे तिप्पट असल्याचे त्यात आढळले होते.

मोबाइलच्या आधी काय होते?

हिशेब सोपा करण्याची धडपड जुनी आहे. सलाईनमधून सतत सोडायच्या औषधांसाठी ‘सहाचा नियम’ अनेक पिढ्यांतील डॉक्टरांनी पाठ केला. वजनाला सहाने गुणायचे, तितके मिलिग्रॅम औषध १०० मिलिलिटर द्रावणात घालायचे. मग पंपावर ताशी एक मिलिलिटर म्हणजे बरोबर दर किलोला दर मिनिटाला एक मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या मुलासाठी ६० मिलिग्रॅम. डोक्यात बसणारा हा हिशेब खरा होता, पण त्यामुळे प्रत्येक मुलासाठी वेगळ्या तीव्रतेचे द्रावण बनवावे लागे. दोन खाटांवरच्या सारख्या दिसणाऱ्या सिरिंजमध्ये वेगवेगळे प्रमाण असे. म्हणूनच अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ने या शतकाच्या पहिल्या दशकात हा नियम मोडीत काढून ठरावीक तीव्रतेची द्रावणे वापरण्याचा आग्रह धरला.

दुसरे साधन म्हणजे ब्रोसलो टेप. डॉ. जेम्स ब्रोसलो यांनी १९८०च्या दशकात तयार केलेली ही रंगीत पट्टी. मुलाला तिच्या शेजारी झोपवायचे, टाच ज्या रंगावर येईल त्यावरून वजनाचा अंदाज आणि औषधांच्या मात्रा वाचायच्या. गणित शून्य. आजची ॲप एका अर्थाने याच पट्टीची पुढची आवृत्ती आहेत.

आजची साधने नेमके काय करतात?

ढोबळमानाने त्यांचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार औषधे आणि सलाईनचा वेग काढणारा. वजन टाकले की तातडीच्या सर्व औषधांच्या मात्रा, मिलिलिटरमध्ये किती घ्यायचे आणि पंप किती वेगावर ठेवायचा, हे एका पानावर येते.

दुसरा प्रकार अवयवांची स्थिती मोजणारा. मूत्रपिंडासाठीचे श्वार्ट्‌झ सूत्र हे त्याचे चांगले उदाहरण. २००९ मध्ये सुधारलेल्या या सूत्रात सेंटिमीटरमधील उंचीला ०.४१३ने गुणून रक्तातील क्रिएटिनिनने भागतात. १०० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.४ असेल तर उत्तर येते १०३, क्रिएटिनिन ०.८ असेल तर जेमतेम ५२. प्रयोगशाळेच्या अहवालात प्रौढांची मर्यादा छापलेली असेल, तर ०.८ हा आकडा ‘नॉर्मल’ दिसतो. प्रत्यक्षात मुलाच्या मूत्रपिंडाचे काम निम्म्यावर आलेले असू शकते आणि काही प्रतिजैविकांची मात्रा लगेच बदलावी लागते. इथे कॅल्क्युलेटर नजरेतून सुटणारी गोष्ट पकडून देतो. व्हेंटिलेटरवरील मुलासाठी ‘ऑक्सिजनेशन इंडेक्स’ असाच काढला जातो. श्वसनमार्गातील सरासरी दाब, दिलेल्या ऑक्सिजनची टक्केवारी आणि रक्तातील ऑक्सिजनचा दाब यांवरून तो निघतो. २०२३च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार हा आकडा १६ किंवा अधिक असेल, तर फुफ्फुसाची इजा गंभीर मानली जाते.

तिसरा प्रकार गुणांकनाचा. ‘प्रिझम’ आणि ‘पिम’ ही गुणांकने दाखल झालेल्या मुलांच्या आजाराची तीव्रता मोजतात. ‘पिम’ १९९७ मध्ये आले आणि २०१३ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागणे म्हणजे सेप्सिस. तो ओळखण्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये ‘फिनिक्स’ हे नवे गुणांकन जाहीर झाले. श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठण्याची क्रिया आणि मेंदू या चार घटकांत मिळून दोन किंवा अधिक गुण आणि सोबत संसर्गाचा संशय असेल तर सेप्सिस, असा त्याचा निकष आहे.

चुका खरोखर कमी होतात का?

होतात, आणि त्याला पुरावाही आहे. स्वित्झर्लंडमधील सहा बालरोग आपत्कालीन विभागांत बनावट रुग्णाच्या सरावात एक चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सलाईनमधून द्यायचे औषध नेहमीच्या तक्त्यांवरून तयार करणे आणि खास ॲपच्या मदतीने तयार करणे, अशी तुलना त्यात होती. ॲप वापरल्यावर चुका मोठ्या प्रमाणात घटल्या आणि औषध तयार होण्याचा वेळ सरासरी दोन मिनिटांहून अधिक कमी झाला. हृदय बंद पडलेल्या मुलासाठी दोन मिनिटे हा फार मोठा काळ आहे.

मग धोका कुठे आहे?

यंत्र गुणाकारात चुकत नाही. पण त्याला दिलेला आकडा खरा आहे का, हे त्याला कळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ मध्ये घडलेली घटना याचे बोलके उदाहरण आहे. त्याच विद्यापीठातील डॉ. रॉबर्ट वॉचर यांनी २०१५च्या ‘द डिजिटल डॉक्टर’ या पुस्तकात ती सविस्तर मांडली आहे. ही घटना अतिदक्षता विभागातील नाही, पण मात्रा वजनावरून काढणाऱ्या प्रत्येक प्रणालीला ती लागू पडते.

३८.६ किलो वजनाच्या १६ वर्षांच्या मुलाला एका प्रतिजैविकाची १६० मिलिग्रॅमची एक गोळी द्यायची होती. चाळीस किलोंखालील रुग्णांसाठी मात्रा दर किलोने नोंदवण्याचा तिथे नियम होता. मात्रा दुरुस्त करताना डॉक्टरांनी ‘१६०’ टंकले. पण त्या चौकटीतील एकक ‘मिलिग्रॅम’ नसून ‘दर किलोला मिलिग्रॅम’ होते. संगणकाने चोख गुणाकार केला आणि उत्तर काढले साडेअडतीस गोळ्या. धोक्याची सूचना पडद्यावर झळकली, पण दिवसभर अशा असंख्य सूचना येत असल्याने डॉक्टर आणि औषधनिर्माता दोघांनीही ती बाजूला सारली. यंत्रमानवाने गोळ्या न चुकता मोजून बांधल्या. बारकोडने ‘मात्रा बरोबर’ असा निर्वाळा दिला. परिचारिकेला शंका आली, पण बारकोडच्या हिरव्या कंदिलाने ती मिटली. मुलाने ३९ पट औषध घेतले. त्याला झटका आला. सुदैवाने तो वाचला.

साडेअडतीस गोळ्या हातात घेऊन कागदावर हिशेब करणारी व्यक्ती बहुधा थांबली असती. यंत्राचा शिक्का बसल्यावर मात्र आकड्याला अधिकार येतो आणि विचारणारा प्रश्न गिळतो.

ॲप तपासते कोण?

२०१५ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी इन्सुलिनची मात्रा काढणारी ४६ ॲप तपासली. ती मधुमेही रुग्णांसाठी होती, पण मात्रा काढण्याचे काम तेच. त्यांपैकी ४२ ॲपमध्ये टाकलेला आकडा शक्यतेच्या मर्यादेत आहे का, याची तपासणीच नव्हती. काही माहिती रिकामी ठेवली तरी २७ ॲप उत्तर देत होती. ३१ ॲपमधून चुकीची मात्रा सुचवली जाण्याचा धोका होता.

भारतात ११ फेब्रुवारी २०२०च्या अधिसूचनेने वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचाही समावेश झाला असून ती त्याच वर्षी १ एप्रिलपासून लागू आहे. धोक्यानुसार उपकरणांचे ‘ए’ ते ‘डी’ असे चार वर्ग आहेत. मात्र सॉफ्टवेअर कोणत्या कामासाठी आहे असे निर्माता सांगतो, यावर बरेच अवलंबून असते. रात्रीच्या पाळीतल्या निवासी डॉक्टराने मोबाइलवर उतरवलेले मोफत ॲप कोणी तपासले, त्यातील सूत्र कोणत्या वर्षाचे, हे त्या ॲपच्या पानावर लिहिलेले असेलच असे नाही.

सूत्र जुने किंवा परके असेल तर?

सूत्रेही जुनी होतात. मुलाला दिवसाला किती सलाईन लागेल, हे सांगणारे हॉलिडे-सेगर सूत्र १९५७चे. पहिल्या दहा किलोंना प्रत्येकी १०० मिलिलिटर, पुढच्या दहांना ५० आणि त्यावर २०. म्हणजे १४ किलोच्या मुलाला १,२०० मिलिलिटर. हे गणित आजही वापरात आहे. पण त्यासोबत पूर्वी दिले जाणारे कमी क्षाराचे सलाईन आजारी मुलांच्या रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या खाली आणू शकते, हे पुढे स्पष्ट झाले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये बहुतेक मुलांसाठी रक्ताइतक्याच क्षारतेचे सलाईन वापरण्याची शिफारस केली. ॲपने १,२०० हा आकडा बरोबर सांगितला, तरी बाटली कोणती लावायची हा प्रश्न उरतोच. सेप्सिसचेही तसेच. जुन्या ॲपमध्ये २००५चे निकष असतील, तर त्याच मुलाबद्दल ‘फिनिक्स’पेक्षा वेगळे उत्तर मिळेल.

शिवाय सूत्र कोणत्या मुलांवरून बांधले, हेही महत्त्वाचे. ब्रोसलो टेप अमेरिकी मुलांच्या मापावर बेतलेली आहे. दहा किलोंवरील भारतीय मुलांचे वजन ती जास्त दाखवते, असे अभ्यासांत आढळले आहे. उंची तेवढीच, पण अंगावर मांस कमी. म्हणजे औषध जास्त जाण्याचा धोका. कुपोषित मुलात तो आणखी वाढतो. ‘पिम’ची तिसरी आवृत्ती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि आयर्लंडमधील मुलांच्या नोंदींवरून तयार झाली. ‘फिनिक्स’मध्ये बांगलादेश, केनिया आणि कोलंबियातील माहितीही घेतली गेली, पण भारतातील नाही. श्वार्ट्‌झचे सुधारित सूत्र दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या उत्तर अमेरिकी मुलांवरून काढलेले आहे. क्रिएटिनिन स्थिर असेल तरच ते नीट लागू पडते, आणि अतिदक्षता विभागात ते तासागणिक बदलत असते.

मृत्यूचा धोका सांगणाऱ्या गुणांकनांबाबत आणखी एक गैरसमज टाळायला हवा. ‘धोका २० टक्के’ याचा अर्थ तशा शंभर मुलांपैकी सुमारे वीस दगावतात. समोरचे मूल त्या वीसांत आहे की ऐंशींत, हे तो आकडा सांगत नाही. विभागाच्या कामाची तुलना करण्यासाठी ती बनली आहेत. एखाद्या मुलाचे उपचार थांबवायचे की नाही, हे ठरवण्यासाठी नव्हेत.

सुरक्षित वापर कसा करता येईल?

पहिली गोष्ट वजनाची. मूल दाखल होताच काट्यावर केलेले वजन किलोमध्ये नोंदवले, तर पुढचा प्रत्येक हिशेब भक्कम पायावर उभा राहतो. तातडीच्या औषधांचा तक्ता त्याच वेळी छापून खाटेला लावला, तर ऐन संकटात मोबाइल शोधावा लागत नाही. विभागातील सर्वांनी एकच, वरिष्ठांनी तपासलेले साधन वापरावे, द्रावणांची तीव्रता ठरलेली असावी आणि पंपावर मात्रेची कमाल मर्यादा आधीच भरलेली असावी. लिहिताना ‘.५’ऐवजी ‘०.५’ आणि ‘५.०’ऐवजी ‘५’ लिहिण्याची शिस्तही अनेक दहापट चुका रोखते.

धोक्याच्या औषधांसाठी दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे हिशेब करावा. पहिल्याचे उत्तर पाहून मान डोलावणे म्हणजे तपासणी नव्हे. उत्तर आल्यावर ‘एवढ्या मुलाला एवढे औषध?’ हा साधा प्रश्न विचारण्याची मुभा सर्वांत कनिष्ठ परिचारिकेलाही असायला हवी.

पालकही यात मदत करू शकतात. मुलाचे अलीकडचे वजन, ॲलर्जी आणि चालू औषधे लिहून ठेवावीत आणि दाखल करताना ती सांगावीत. औषध देताना ‘वजन किती धरले आहे?’ असे विचारण्यात अविश्वास नाही. त्या एका आकड्यावरच पुढचे सारे गणित उभे असते, आणि तो चुकला तर तो दुरुस्त करणे कोणत्याही ॲपला जमत नाही.