फिट्सचा धागा आतड्यात

औषधांना दाद न देणाऱ्या फिट्सवर १९२१ पासून किटोजेनिक आहार वापरला जातो. ताटात लोणी, तूप, साय भरपूर. भात-पोळी जवळपास नाहीच. तो गुण का देतो, याचा एक धागा २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एलेन शाओ यांच्या गटाला सापडला. या आहारावरच्या उंदरांना प्रतिजैविके देऊन आतड्यातले जिवाणू मारले, तर झटक्यांपासूनचे संरक्षणच गेले. अक्कर्मान्सिया आणि पॅराबॅक्टेरॉइड्स ही जिवाणूंची जोडी पोटात सोडली, तेव्हा ते संरक्षण परतले. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागात चेतापेशींना शांत करणारे गाबा हे रसायन, त्यांना चेतवणाऱ्या ग्लुटामेटच्या तुलनेत, वाढले होते. पण हे उंदरांत! दह्याताकातल्या जिवाणूंच्या भरवशावर मुलाची फिट्सची गोळी एक दिवसही चुकवू नका.