अर्थिंगची वायर जाड केली, तरी आकडा नाचतोच

मोटर बंद असते तेव्हा टाकीतल्या पातळीचा आकडा स्थिर असतो. मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह चालू केला की नाचायला लागतो. भोसरी, चाकण, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत ही तक्रार ऐकायला मिळते. मग ट्रान्समीटर बदलतात, पीएलसीचं अ‍ॅनालॉग कार्ड बदलतात, शेवटी अर्थिंगचा नवा खड्डाही खणतात. आकडा नाचतच राहतो, कारण बहुतेक वेळा दोष वायरिंगमध्ये असतो.

ड्राइव्ह 415 व्होल्टचा पुरवठा आधी डीसी करतो, साधारण 585 व्होल्टचा. मग तो डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडून मोटरला देतो. दर वेळी व्होल्टेज मायक्रोसेकंदाच्या अंशात शून्यावरून पूर्ण चढतं. या झटक्यांमुळे मोटर केबलच्या तारा आणि अर्थ यांच्यामधल्या कपॅसिटन्समधून करंट वाहतो. त्यात मेगाहर्ट्झपर्यंतच्या फ्रिक्वेन्सी असतात आणि त्याला ड्राइव्हकडेच परत यायचं असतं. आपण जवळची वाट दिली नाही, तर तो केबल ट्रे, यंत्राचा सांगाडा, सिग्नल केबलची शील्ड, जे सापडेल त्यातून परततो. नॉईज म्हणतात तो हाच भटका करंट.

आपल्याकडच्या बहुतेक समजुती 50 हर्ट्झच्या हिशेबावर उभ्या आहेत. ‘अर्थची वायर जाड घातली की नॉईज जातो’ ही त्यातली सर्वात पक्की. जाडीने रेझिस्टन्स कमी होतो. पण मेगाहर्ट्झला अडवतो तो वायरचा इंडक्टन्स, आणि तो मुख्यतः लांबीवर ठरतो. ढोबळमानाने दर सेंटिमीटरला 10 नॅनोहेन्री धरा. म्हणजे 10 सेंटिमीटर वायरच्या इंडक्टन्सचा अडथळा 50 हर्ट्झला ओहमच्या लाखाव्या भागाच्या सुमारे तिप्पट असतो, 10 मेगाहर्ट्झला सहा ओहमच्या वर जातो. म्हणून गोल वायरपेक्षा आखूड, रुंद, चपटी तांब्याची वेणी चांगली. मोटर केबलची शील्ड पिळून, तिची शेपटी हिरव्या वायरने टर्मिनलला जोडायची सवयही यामुळेच घातक. शील्ड क्लॅम्पखाली किंवा धातूच्या ईएमसी ग्लँडमध्ये सगळ्या बाजूंनी दाबून बसली पाहिजे.

यावरूनच माउंटिंग प्लेटचा प्रश्न येतो. आपल्या पॅनेलमध्ये ती बहुधा नारिंगी रंगवलेली असते. दिसायला छान, पण रंग इन्सुलेटर आहे. ड्राइव्ह आणि त्याचा नॉईज फिल्टर रंगावर बसवले, तर त्यांचा प्लेटशी संबंध फक्त स्क्रूपुरता उरतो. माझं स्पष्ट मत आहे की ड्राइव्हच्या पॅनेलमध्ये प्लेट जस्तलेपितच हवी. जुनं पॅनेल असेल तर उपकरण बसतं तिथला आणि शील्डच्या क्लॅम्पखालचा रंग पूर्ण खरवडून काढा. दार बिजागरीने अर्थ झालं असं मानू नका. त्यालाही वेणी हवी.

‘पीएलसीसाठी वेगळा, स्वच्छ अर्थ खणा’ हा सल्ला महागही आहे आणि धोक्याचाही. जमीन नॉईज गिळून टाकत नाही. करंट उगमाकडे परततो, खड्ड्यात जिरत नाही. विमानाला कुठला खड्डा असतो? तरी त्यातली इलेक्ट्रॉनिक्स चालते. उलट दोन सुटे अर्थ असले, तर जवळपास वीज पडताच त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक येऊ शकतो आणि तो पीएलसीच्या कार्डावर कोसळतो. सगळे अर्थ एकमेकांना जोडलेलेच हवेत.

‘शील्ड एकाच टोकाला जोडायची’ हे अर्धसत्य आहे. 4-20 मिलिअँपिअरच्या सिग्नलमध्ये 50 हर्ट्झचा करंट शील्डमधून फिरू नये म्हणून तो नियम आला, आणि तेवढ्यापुरता बरोबर आहे. पण 10 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी 7.5 मीटर भरते. एका टोकाला सुटी राहिलेली लांब शील्ड अँटेना होते. मोटर केबलची शील्ड नेहमी दोन्ही टोकांना जोडायची, यात वाद नाही. अ‍ॅनालॉग केबलला दोन्हीकडे जोडून आकडा 50 हर्ट्झने हलत असेल, तर एक टोक लहान कपॅसिटरमधून जोडावं.

सिग्नल केबलला वेगळा ट्रे घातला की काम झालं, असंही नाही. सिग्नलची जोडी पिळलेली हवी, जाणारी आणि येणारी तार एकत्र हवी. मोटर केबल ओलांडायची तर काटकोनात ओलांडावी. उरलेल्या केबलची गुंडाळी पॅनेलमध्ये ठेवू नये. फिल्टरकडे येणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या वायर एकाच डक्टमधून नेल्या, तर नॉईज फिल्टरला वळसा घालून पुढे जातो आणि फिल्टरचा खर्च वाया जातो.

सगळा दोष ड्राइव्हचाच, असंही समजू नका. 24 व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल पुरवठा तुटताना काही शे व्होल्टचा झटका देते. डीसी कॉइलवर उलटा डायोड, एसी काँटॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर लावा, आणि तो कॉइलपाशीच लावा. डायोडमुळे रिले थोडा उशिरा सुटतो, हे ध्यानात ठेवा.

शेवटचा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. ड्राइव्हचा अर्थ काढल्यावर एखादा आकडा स्थिर झालेला दिसतो आणि ‘सापडला उपाय’ म्हणून वायर तशीच सुटी सोडली जाते. फिल्टरमधल्या कपॅसिटरचा गळती करंट 3.5 मिलिअँपिअरच्या वर जाऊ शकतो. म्हणूनच अशा ड्राइव्हला किमान 10 चौरस मिलिमीटरचा तांब्याचा अर्थ किंवा दुसरी अर्थ वायर मागतात. अर्थ काढला की ड्राइव्हच्या धातूच्या अंगावर व्होल्टेज येतं आणि हात लावणाऱ्या माणसाला झटका बसतो. तुमच्या कारखान्यात अशी सुटी सोडलेली हिरवी वायर असेल, तर पुरवठा बंद करून, डीसी बस रिकामी झाल्याची खात्री करून, ती आजच परत जोडा.